चवथीचं सुतक

“आमच्याकडे यंदा सुतक आहे,” असं कमलाक्षी म्हणून गेली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. चवथीची आदली सकाळ होती. डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलं होतं. कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घोस. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला टांगायचं ते सगळं रान त्या दिवशी बाजारात उतरतं आणि माणसं भाव करता करता एकमेकांच्या पायांवर पाय देतात. तिच्या समोर पांडुरंग उभा होता. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता टोळीच्या नादाला लागलेल्या पोरांसाठी चाललेलं ‘सोबत’चं काम बघायचा. त्याच्या बाजूला डोक्यावर भारा घेतलेला सगुण, त्याच पोरांतला एक. पांडुरंग हसत एवढंच म्हणाला होता, “बाय, पयलें घर तुमचें. आज सांजेर सगुण येतलो कारापुरा तुमच्या घरा, माटोळी बांधून जातलो. तुमच्या घरात घेतलो कळलें की बाकीचे आपसूक बोलावतले.” त्यावर तिने हो म्हणायचं होतं. हो तिच्या जिभेवर आलंही होतं. आणि बाहेर पडलं ते सुतक.

“अरे देवा! कोण गेलें?” पांडुरंगाने विचारलं. खोटं बोलणाऱ्याला कुणी वेळ देतं का? तिच्या डोक्यात सकाळचा फोन होता. हळर्णचे रामचंद्रकाका, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, दरवर्षीप्रमाणे मूळ घरी चवथीला यायला निघाले होते आणि नारळ किती आणू म्हणून खणखणीत आवाजात विचारत होते. तो आवाज तिच्या कानात ताजा होता, म्हणून तोच सापडला. “काका,” ती म्हणाली. “हळर्णचे. रामचंद्रकाका.” पांडुरंगाने “शिव शिव” म्हटलं आणि हातातली पिशवी हळूच मागे घेतली, देवाच्या सामानाला सुतकाच्या बाईचा पदर लागू नये म्हणून. वाईट वाटून नाही, रीत म्हणून. सगुणने डोक्यावरचा भारा खाली उतरवला, दोन पावलं मागे सरकला आणि मान खाली घालून म्हणाला, “वायट झाला, बाई.” त्याच्या कपाळावर भाऱ्याच्या दोरीचा वळ उठला होता. त्या वळाकडे बघत कमलाक्षी म्हणाली, वय झालं होतं त्यांचं. हे मात्र खरं होतं, आणि तेवढ्या एका खऱ्याचा तिला केवढा आधार वाटला! मग ती गर्दीत शिरली, काही न घेता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला निघाली, आणि तिथे एका भिंतीशी उभी राहून तिने माटोळीचं सगळं सामान तिथल्याच एका बाईकडून घेतलं. पिशवीवर वर्तमानपत्र झाकलं. स्कूटरच्या पायाशी ती पिशवी ठेवताना आपण चोरी करून निघालोय असं तिला वाटलं, आणि चोरी कसली तर आपल्याच पैशांच्या आंबाड्यांची.

घरी येईपर्यंत रस्ताभर तिने स्वतःशी भांडण केलं. काय बिघडलं एवढं? आई म्हातारी आहे, घाबरली असती. काकांना परकं माणूस देवघरात चालत नाही. अशी कारणं तिने एकामागून एक काढली आणि प्रत्येक कारण तोंडावर पडलं, कारण आई घाबरणारी नव्हती आणि काका तर रस्त्याने जाणाऱ्यालाही ओढून जेवायला बसवणारे. राहता राहिली ती. पणजीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी, अशा कामांचं मूल्यमापन करून देणारी, संस्थांच्या बैठकांत जिच्या शब्दाला वजन होतं ती कमलाक्षी. पणजीच्या ज्या संस्थेच्या पैशांवर ‘सोबत’ चालत होतं त्या संस्थेने तिला सांगितलं होतं, बघून सांगा, या कामाने पोरं टोळीपासून खरंच लांब राहतात का. तुम्ही हो म्हणालात तर पुढे चालू, नाही तर चवथीनंतर बंद. आणि माटोळीची कल्पना पांडुरंगाची नव्हतीच. ती तिची होती. शी! हे आठवलं तेव्हा तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. तीच म्हणाली होती पांडुरंगाला, “नुसतं पोरं शेडमध्ये येतात, व्हॉलीबॉल खेळतात, घुमट वाजवायला शिकतात, यावरून काय कळणार? लोक त्यांना घरात घेतात का ते दिसलं पाहिजे. चवथीला माटोळी बांधायला बोलावू देत. देवघरापर्यंत जाऊ दिलं म्हणजे मानलं.” पांडुरंग तिच्याकडे कौतुकाने बघत राहिला होता. शिकलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा, असा त्याचा चेहरा. तिलाही स्वतःचं बरंच कौतुक वाटलं होतं.

मग तिने घरोघरी जाऊन विचारलं होतं. बंद पडलेल्या खाणीच्या आसपासची ती घरं, कुणाचे ट्रक दारात उभे राहून गंजायला लागलेले, कुणाची दुकानं अर्धी उघडी. या मुलांना तुम्ही तुमच्या घरात कामाला बोलवाल का, असा तिचा प्रश्न होता, आणि एकजात सगळ्यांनी हो म्हटलं. “बोलावतले मगो! आपलींच पोरां तीं.” बायकांनी चहा दिला, सोबत पाव दिला, बसायला खुर्ची पुसून दिली आणि गोड आवाजात हो म्हटलं. ती खूश होऊन परतत होती. आता तिला तो आवाज नेमका ओळखता येत होता, कारण सकाळी बाजारात तो तिच्याच गळ्यातून आला होता. तोच गोडवा, तीच घाई, समोरच्याला लवकर वाटेला लावण्याची. दारात आलेल्या सुशिक्षित बाईला कोण नाही म्हणतंय? नाही म्हणायला भांडावं लागतं. हो म्हटलं की बाई चहा पिऊन जाते. अहवालात तिने या होकारांवर अख्खं पान लिहिलं होतं.

खरं कारण तिला माहीत होतं, ती फक्त त्याच्याकडे बघत नव्हती. खाणीच्या वजनकाट्याच्या बंद शेडमध्ये सगुणची मुलाखत झाली होती, पावसाचं पाणी पत्र्यावरून पडत होतं आणि तिला मोठ्याने विचारावं लागत होतं. सगुणचे आईबाप सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आलेले. बाप गेला, आई शेवंती मिळेल ते काम करते, खाण बंद पडल्यावर तेही नाही. पोरगा विशी उलटलेला, बोलताना नखांखालची लाल माती काढत होता. जमिनींचे सौदे करणाऱ्या एका माणसाच्या टोळीत तो होता, ‘भाई’ म्हणायचे त्या माणसाला सगळे. जमीन सोडत नाही त्याला घाबरवायचं, एवढं काम. मारायचात का, असं तिने विचारलं तेव्हा तो जरा हसला होता. “मारूक लागत नाय, बाई. घरात जावचा. पायांतली चप्पल काढूची नाय. देवाच्या खोलयेच्या उंबऱ्यार बसूचा आणि पाणी मागूचा. पाणी दितत. दिताना हात कापता. मगे काय सांगूचा रवत नाय.” तिने ते लिहून घेतलं होतं. घरी येऊन त्याला ‘प्रवेशातून दहशत’ असं नाव दिलं होतं आणि ते नाव तिला इतकं आवडलं होतं की दोनदा अधोरेखित केलं होतं. पण त्या दिवसापासून आपल्या देवघराच्या उंबऱ्याकडे बघताना तिला तिथे एक चप्पल दिसायची. लाल मातीने भरलेली, एका बाजूने झिजलेली. आई उंबऱ्यावर रांगोळी घालताना त्या चपलेच्या अगदी बाजूला हात न्यायची. आणि सगुण माणूस म्हणून कसा आहे हे तिला कळलेलं असून, त्याने दोन वर्षांत तसं काही केलेलं नाही हे पोलिसांकडून खात्री करून घेतलेलं असून, ती चप्पल काही जात नव्हती.

आणि त्याच मुलाखतीत तो आणखी एक बोलला होता, ज्याला तिने नाव दिलं नव्हतं. आता पुढे काय, असं तिने विचारलं होतं. तो शेडच्या बाहेर बघत म्हणाला, “भाईची गाडी रोज वळणार उभी रवता. तो माका बोलवता, बाई. लोक बोलवनत नाय. जो बोलवता तेच्याकडे पाय जातत.” एवढंच. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. एका बाजूला वळणावरची गाडी, दुसऱ्या बाजूला माणसांची दारं, आणि मध्ये तो पोरगा कुठल्या दिशेने पाय उचलायचा म्हणून उभा. पहिलं दार तिचं होतं.

दुपारी रामचंद्रकाका आले. नारळांचं पोतं स्वतः खांद्यावर घेऊन, घामाने भिजलेले, फाटकापासूनच हाका मारत. “कमल गो! वहिनी! आलो रे बाबा तुमचा पाव्हणा!” कमलाक्षी ओसरीवर आली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. इतका जिवंत माणूस तिने कधी बघितला नव्हता. कानांत केस वाढलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, दात स्वतःचे. तिने वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि ते म्हणाले, “पुरे गो, देव नव्हे मी.” मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं असं लोक म्हणतात, हे तिला आठवलं आणि ती त्या समजुतीला घट्ट धरून बसली. समाजशास्त्राची प्राध्यापक! विद्यार्थ्यांनी बघायला हवं होतं.

संध्याकाळी माटोळी बांधायची वेळ झाली. दरवर्षी शेजारचा कृष्णनाथ बांधून द्यायचा, पण त्याचा हात मोडलेला, म्हणून तर पहिलं घर तिचं ठरलं होतं. “मीच बांधतो,” म्हणत काकांनी धोतर खोचलं आणि स्टुलावर चढले. आईचं आपलं “जपून हां भावजी” चाललेलं. कमलाक्षीने स्टूल दोन्ही हातांनी धरलं. वर काका चौकटीच्या टोकाला तोरिंगाचा घोस बांधायला लांब झुकत होते, त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या, स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि फरशीवर टकटक वाजत होता. सकाळी आपण या माणसाला मारलं आणि आता देव ते खरं करून दाखवणार, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. “उतरा काका, राहू दे तेवढं,” ती म्हणाली, तर काका वरून म्हणाले, “राहू दे कसं? गणपतीच्या डोक्यावर अर्धं आभाळ टांगायचं का?” ते शेवटी घोस बांधून उतरले, कपाळ पुसत हसले, आणि तिला उभ्या उभ्या रडू आलं. आईला वाटलं धुराने. धूर कुठेच नव्हता.

तेवढ्यात पांडुरंगाचा फोन आला. ती परसात जाऊन बोलली, सुतकातल्या घरी बोलावं तसं हळू. पांडुरंगाचाही आवाज उतरलेला. पहिलं घर गळलं तशी बाकीचीही गळाली होती. कुणी म्हणालं आमच्याकडे भाचा येतोय, तोच बांधेल. कुणी म्हणालं यंदा लहानच माटोळी. कुणी म्हणालं पुढल्या वर्षी बघू. “सगुणान भारो घरा न्हेलो,” तो म्हणाला. “रानात फिरून फिरून जमवलेलो, टाकून कसो दितलो? तुमी जिवाक लावन घेव नाकात, बाय. मरण कोणाच्या हातात आसा?” ती हं म्हणाली. आत काका आईला मोठमोठ्याने हळर्णच्या किल्ल्यात शिरलेल्या बैलाची गोष्ट सांगत होते, आणि फोनच्या भोकावर तिने आपला तळहात दाबून धरला होता, मेलेल्या माणसाचं हसू पलीकडे जाऊ नये म्हणून.

चवथीच्या दिवशी पाऊस नव्हता. ऊन कोवळं, अंगणात शेणाचा सडा वाळत आलेला, कढईत करंज्यांसारख्या नेवऱ्या तळून झाल्या होत्या आणि घरभर तुपाचा आणि वेलचीचा वास कोंदला होता. दुपारची आरती सुरू झाली. काका मध्ये उभे, झांजा आईच्या हातात, निरांजनाचं ताट कमलाक्षीच्या. तिला वाटलं होतं गणपती आला की हे सगळं मागे पडेल. पण ती मूर्तीच्या डोळ्यांकडे बघूच शकत नव्हती. तिची नजर काकांच्या मानेवर होती, तिथल्या शिरेवर, जी प्रत्येक ओळीला फुगत होती. आरती संपली, मंत्रपुष्प झालं, आणि त्या शांततेत अंगणातून हाक ऐकू आली. “बाई! बाई, मी सगुण.”

काका म्हणाले, “कोण आलंय बघतो,” आणि गंध लावलेल्या कपाळाने, हातात प्रसादाची वाटी घेऊन बाहेर गेले. देवघराच्या दारातून ओसरी आणि ओसरीतून अंगण सरळ दिसत होतं. सगुण पायरीपासून लांब उभा होता. चपला त्याने पार फाटकाबाहेर मोटरसायकलपाशी काढल्या होत्या आणि अनवाणी सड्यावर आला होता. पायरीवर स्टीलचा डबा ठेवलेला, फडक्यात बांधलेला. सुतकाच्या घरी शिवायचं नसतं, म्हणून तो ठेवून मागे सरकला होता. तोंडावर दुःखाचं मानलेलं ते गांभीर्य, गावाकडे पोरांना लहानपणापासून शिकवतात ते. काकांना बघून तो गोंधळला. घरातून येणारा वास त्याच्यापर्यंत गेला असणारच. झांजाही त्याने ऐकल्या असणार. “कोणाकडे आलास रे बाबा?” काकांनी विचारलं. “हें आमचें मूळ घर. मी रामचंद्र. हळर्णचो.” आणि वाटी पुढे केली. “घे, प्रसाद घे. चवथ आसा, तसोच जाव नको. पाणी तरी घे.”

सगुणने काकांकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, जिवंत माणसाकडे बघावं तसं. मग त्याची नजर काकांच्या खांद्यावरून आत आली आणि ओसरी ओलांडून देवघराच्या दारापर्यंत पोचली. तिथे कमलाक्षी उभी होती, नव्या साडीत, हातात पेटत्या निरांजनाचं ताट घेऊन, मागे टांगलेली माटोळी. किती वेळ बघत होता कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर ती सुटली असती. राग आला नाही. तो ओशाळला, तिच्यासाठी ओशाळला, दुसऱ्याचा पदर सरकलेला दिसला की माणूस नजर वळवतो तशी त्याने नजर वळवली. “पाणी नको, काका,” तो म्हणाला. “घर चुकलंय मी. दुसरा घर होता.” काका म्हणाले, “अरे, कोणाचं घर ते सांग, दाखवतो.” “नको. सोधून गावतला.” आणि तो पाठ न फिरवता दोनचार पावलं मागे गेला, मग वळला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. कमलाक्षीने एक पाऊलसुद्धा उचललं नव्हतं. ताट हातात होतं ना, असं तिने स्वतःला सांगितलं. ताट! खाली ठेवायला काय धाड भरली होती?

“बरो पोरगो,” काका आत येत म्हणाले. “डबो मात्र विसरलो.” आईने फडकं सोडलं, झाकण काढलं आणि तिचा चेहराच बदलला. भात आणि डाळ. पिवळी, पातळ, वर फोडणीचा एक दाणा नाही. “अगो, हे तर सुतकाचं जेवण!” आई म्हणाली. “चवथीच्या दिवशी सुतकाचं जेवण कोणी आणून ठेवलं दारात? काय मेला अपशकुन! गाईला घाल ते.” काका हसायला लागले, म्हणे घर चुकला म्हणाला ना तो. आईचा हात डब्याच्या कडीला लागला होता. “तो चुकला नाही,” कमलाक्षी म्हणाली. “माझाच डबा आहे.” दोघंही तिच्याकडे बघायला लागले. तिने डबा आईच्या हातातून घेतला आणि परसदारी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आईची हाक येत होती, पानं वाढली गो. तिने डाळभात कालवला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. मीठ अगदी बरोबर पडलं होतं. शेवंतीच्या स्वतःच्या घरी गणपती, तिलाही पाच पदार्थ करायचे असतील, त्यातून वेगळी चूल मांडून तिने ही बिनफोडणीची डाळ शिजवली असेल, सगळा मुलूख गोड खात असताना बाईंच्या घरी कढई चढणार नाही म्हणून.

डबा तिने घासला, पुसला. आणि मग तो मोकळा डबा हातात घेऊन उभी राहिली, कारण मोकळा डबा परत देत नाहीत. काहीतरी घालून द्यायचा असतो, एवढं तर तिला आईने लहानपणीच शिकवलेलं. घरात आज होतं काय? नेवऱ्या, वडे, खीर. सगळं तळणीचं आणि गोडाचं, सुतकाच्या घरी जे होतच नाही ते. बारा दिवस थांबून, काहीतरी साधं घालून पांडुरंगाच्या हाती पाठवता आलं असतं. सगुण काही बोलणार नव्हता, हे तिला डोळ्यांनी दिसलं होतं. पांडुरंगाला कधी कळणार नव्हतं. अहवाल आठवड्याने द्यायचा होता. त्यात ‘हो’ लिहिलं तरी चालणार होतं, ‘नाही’ लिहिलं तरी. या शेवटच्या विचाराने मात्र तिच्या अंगावर काटा आला. ती स्वयंपाकघरात गेली आणि डबा नेवऱ्यांनी भरायला लागली, एकावर एक, झाकण लागेना इतका. आई म्हणाली, “अगो, नैवेद्याच्या आहेत त्या!” ती म्हणाली, “माहीत आहे.” काका पानावर बसल्या बसल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. बाहेर पडताना ती त्यांच्यापाशी थांबली आणि म्हणाली, “काका, आल्यावर तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही रागवाल.” “आधी जेवून तरी जा,” काका म्हणाले.

स्कूटरवर जाताना ती वाक्यं जुळवत होती. माझी चूक झाली. गैरसमज झाला. खरं म्हणजे असं आहे सगुण, की. वाक्यं चांगली होती, बैठकीत शोभली असती. वळणावर ती गाडी उभी होती, चवथीच्या दिवशीसुद्धा, काचा वर केलेल्या. ती बाजूने गेली आणि डबा पायांमध्ये जास्त घट्ट धरला. खाणीच्या मातीच्या ढिगाखाली पत्र्याच्या घरांची ती ओळ होती, पावसाने लाल ओघळ दारापर्यंत आलेले. सगुणचं दार उघडं होतं. आत कोपऱ्यात छोटासा गणपती, आणि त्याच्यावर केवढी तरी माटोळी. अख्ख्या गावासाठी जमवलेलं सगळं रान त्या एका खोलीत टांगलं होतं, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस इतके खाली आलेले की माणसाला वाकून फिरावं लागत होतं. त्याखाली सगुण बसला होता, उघडा, खांद्यावर पंचा, केसांतून पाणी गळत होतं. तिला बघून तो उभा राहिला आणि त्याचं डोकं एका तोरिंगाला लागलं.

शेवंती लगबगीने दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली आणि दोन्ही हात पुढे केले, अडवायला. “थयच रवा, बाई. वायट मानू नकात. आत गणपती आसा, आणि तुमचा सुतक. अशा दिसांत कित्याक इलात? जेवलात मा थोडा?” जेवले, असं कमलाक्षी म्हणाली. “ह्येना सांगल्यान, डबो पोचयलंय म्हणान,” शेवंती म्हणाली. “डबो थय पायरेर ठेवा. मी पाणी घालून घेतंय.” म्हणजे त्याने घरी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. कमलाक्षी अंगणात उभी राहिली, त्याच्यासारखीच, पायरीपासून लांब. मग तिचं लक्ष खाली गेलं. तिच्या पायांत चपला होत्या. सारवलेल्या अंगणात, लाल मातीने भरलेल्या. तिने त्या काढल्या, हातात घेतल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न सुचून मागे फेकल्या. सगुण मान हलवत होता, नको, नको बोलू, असं. स्कूटरवर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही उरलं नव्हतं. झाकण नीट न बसलेल्या डब्यातून तुपाचा आणि वेलचीचा वास सुटला होता आणि शेवंतीच्या नाकपुड्या हलल्या.

“सुतक नाही आमच्याकडे,” कमलाक्षी म्हणाली. “कोणी गेलेलं नाही. मी सगुणला घरात घ्यायचं नाही म्हणून खोटं बोलले. तो आला तेव्हा आमच्याकडे आरती चालली होती. त्याने बघितलं.”

शेवंतीने डब्याकडे बघितलं, बाईच्या नव्या साडीकडे बघितलं. मग सावकाश वळून आपल्या मुलाकडे बघितलं, त्याच्या ओल्या केसांकडे, सुतकाच्या घरून आलेलं माणूस आंघोळ केल्याशिवाय गणपतीपुढे जात नाही म्हणून विहिरीवरून तो आताच येऊन बसला होता त्याच्याकडे, आणि काहीच न समजून तिने विचारलं,

“मगे हो न्हालो कित्याक?”